ब्रेकमधला श्वास

वनिताच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "मेधाताई, वनिता गेली," एवढंच तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलताच येईना. अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कुठे, कशी... मी विचारलं, "खोकला होता का तिला?" मग तो गोंधळून म्हणाला, "खोकला? नाही हो. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. हार्ट अटॅक." आणि लाज वाटते सांगायला, पण मला आधी हुश्श झालं. जिवाभावाची मैत्रीण गेल्याचं कळतंय आणि माझा जीव भांड्यात पडतोय! रडू मागाहून आलं, आणि आलं ते असं की गाडी पुढे घ्यायचं भान राहिलं नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्याला आता महिना होऊन गेला. प्रकाशनं त्या प्रश्नाबद्दल मला नंतर काही विचारलं नाही, पण तो प्रश्न वीस-बावीस वर्षं माझ्या तोंडात तयारच होता, आणि तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय मला वनिताबद्दल काही लिहिता येणार नाही.

आम्ही दोघी विद्यापीठाच्या एका आरोग्यविज्ञान विभागात टेम्पररी होतो. टेम्पररी म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. जूनमध्ये मुलाखत, जुलैमध्ये ऑर्डर, एप्रिलअखेर सेवा समाप्त. उन्हाळ्याचा पगार द्यावा लागू नये आणि सलग नोकरी झाली म्हणून कुणी कायम करा म्हणून कोर्टात जाऊ नये, यासाठी दरवर्षी मध्ये हा खड्डा खणून ठेवलेला असे. त्याला सगळे 'ब्रेक' म्हणत. ब्रेक लागला की हजेरीपटावरून नाव जायचं, ओळखपत्र परत करायचं, आणि कागदोपत्री तुम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बाईइतक्या परक्या. पण आमचं काम होतं क्षयाच्या रुग्णांच्या थुंकीचे नमुने तपासायचं, आणि कुठलाही रुग्ण विद्यापीठाचा ब्रेक आहे म्हणून खोकायचा थांबत नाही. हॉस्पिटलमधून नमुने येतच राहायचे, दोन दिवस पडून राहिले की सडायचे, प्रकल्प बोंबलायचा. मग आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, एप्रिलच्या शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सुट्टीत कुणी आलं-गेलं, तर मी काही पाहिलेलं नाही." झालं. आम्ही मागच्या दारानं चोरासारख्या जायचो, फुकट राबायचो. नाही गेलो तर जूनच्या मुलाखतीत सर आपल्यालाही 'पाहणार नाहीत' ही धास्ती. ती धास्ती मार्चपासून सुरू व्हायची ती थेट जुलैपर्यंत.

बाहेर त्या वेळी वेगळीच हवा होती. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा सतत अमेरिकेला निघालेला असायचा आणि जिन्यात सुटकेसा दिसायच्या. माझे सासरे सकाळच्या चहाबरोबर रोज ऐकवायचे, "सूनबाई, थुंकी तपासण्यापेक्षा कॉम्प्युटर शिका. त्याला निदान वास येत नाही." मी शेवटी शिकलेही, सॉफ्टवेअर कंपनीत गेलेही, आजही तिथेच भाकरी खाते. वनिता मात्र हलणारी नव्हती. ती खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, मूळचे विदर्भातले. आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेली. त्यांच्या क्वार्टरमध्ये पुस्तकांना कपाट होतं, भांड्यांना नव्हतं. तिची आई मला बघितली की म्हणायची, "काहून गं मेधा, इतकी सुकली? जेवू घालत नाही का ते विद्यापीठ?" वडील मात्र आमच्या कामाची चौकशी बारकाईनं करायचे. त्यांच्या कारखान्यात गेटवर झडती होई, खिशात काडेपेटी सापडली तर नोकरी गेली. "तुमच्याकडे गेटवर काय तपासतात?" त्यांनी एकदा विचारलं. वनिता म्हणाली, "ऑर्डर आहे की नाही, ते."

त्या वर्षी जाहिरात आली. कायमस्वरूपी अधिव्याख्याता, एक जागा, राखीव. कित्येक वर्षं न भरलेली जागा एकदाची बाहेर पडली होती आणि वनिताची पात्रता तिला तंतोतंत बसत होती. पीएच.डी. झालेली, शोधनिबंध छापून आलेले, शिकवणं असं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा लिहून घ्यायची. व्हरांड्यात एक ज्येष्ठ बाई तिला गोड आवाजात म्हणाल्या, "काय मग, आता जागा घरचीच की!" वनितानं क्षणाचाही विचार केला नाही. "हो ना मॅडम. पण तुम्हीही या ना ब्रेकमध्ये, फुकट राबायला. ती जागा सगळ्यांसाठी ओपन आहे." बाई जिना उतरेपर्यंत मी हसू दाबून उभी होते. पण बाईंची पाठ वळल्यावर वनितानं जाहिरातीचा कागद पुन्हा उघडून वाचला, हेही मी पाहिलं. प्रकाशची कंपनी बंद पडायच्या बेतात होती, लेक मित्रा तीन वर्षांची. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल, निघेल की नाही, कुणाला ठाऊक? ती रोज म्हणायची, "मेधा, एवढी एक मुलाखत होऊ दे. मग मी माणसासारखा श्वास घेईन."

मुलाखत जूनमध्ये होती आणि ही गोष्ट मेमधली, म्हणजे भर ब्रेकमधली. आमचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरागरा फिरवून त्यातला गाळ तळाशी बसवणारं यंत्र, आमच्याहून वयानं मोठं. त्याच्या झाकणाचा खटका तुटलेला. दुरुस्तीची मागणी दरवर्षी वर जायची आणि दरवर्षी वरच राहायची. म्हणून झाकणावर वजन म्हणून आम्ही एक जाडजूड बांधणीचा जुना प्रबंध ठेवायचो. काचेच्या नळ्याही जुन्या, धुऊन धुऊन झिजलेल्या. त्या दिवशी उकाडा असा की अंगाची लाही होत होती. छताचा पंखा फुल. वनितानं नळ्या लावल्या, यंत्र सुरू केलं. मी दाराशी रुग्णांची नावं लिहीत उभी. आणि आतून खट्ट असा आवाज आला, मग धडधड... यंत्र टेबलावर नाचायला लागलं, प्रबंध घसरून खाली पडला आणि झाकण उघडलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. एक नळी फुटली, एवढंच ना? पण फिरत्या यंत्रात नळी फुटते तेव्हा तिच्यातलं सगळं धुक्यासारखं हवेत उडतं, डोळ्यांना दिसतही नाही, आणि वर पंखा ते खोलीभर वाटत असतो. क्षयाचा जंतू पोटातून जात नाही, हातातून जात नाही, तो श्वासातून जातो. आणि आमचे नमुने होते ते औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे. हे सगळं मला एका क्षणात कळलं आणि माझे पाय जमिनीला खिळले. वनितानं काय केलं? दोन्ही हातांनी मला ढकललं, असं की मी व्हरांड्यात जाऊन आपटले, आणि आतून दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून मी पाहत होते. बटणं पलीकडच्या भिंतीवर. नाकाशी ओढणी धरून ती तिथवर गेली, यंत्र बंद केलं, पंखा बंद केला, परत आली, बाहेर पडली, दार ओढून घेतलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. जिन्याच्या पायरीवर बसली आणि धापा टाकायला लागली.

"श्वास धरला होतास ना?" मी विचारलं.

"धरला होता. पंख्याच्या बटणाशी... सुटला गं. एकच घेतला."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सरांना फोन करू, हॉस्पिटलमध्ये जाऊ. ती म्हणाली, "काय सांगणार? कुठे होतो आपण? मेधा, आपण इथे नाही आहोत. आपल्याला काही होऊच शकत नाही." आणि मग हळूच, "मुलाखत तीन आठवड्यांवर आलीये. टीबीचा संशय असलेल्या बाईला कोण घेईल?" इतका राग आला मला! तिचा, सरांचा, त्या तुटक्या खटक्याचा. पण तिच्या डोळ्यांत अशी काही भीती होती की मी फोनचा विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी खोली तिनं एकटीनं फिनेलनं पुसून काढली, मला आत पाऊल टाकू दिलं नाही. "तुला काही झालं तर तुझे सासरे मला कॉम्प्युटर शिकायला लावतील," म्हणाली. पण हसली नाही. प्रकाशला सांगायचं नाही, आईवडिलांना तर नाहीच, अशी शपथ तिनं माझ्याकडून घेतली.

फुटलेल्या नळीतल्या नमुन्याचा अर्धा भाग आम्ही फ्रीजमध्ये राखून ठेवलेला होता. तो आम्ही वाढीला लावला. क्षयाचा जंतू अंड्यापासून केलेल्या हिरवट माध्यमावर वाढतो, आणि कसा वाढतो? मुंगीच्या पावलानं. दुसरे जंतू रात्रीत उगवतात, याला आठवडेच्या आठवडे लागतात. काहीच उगवलं नाही तर समजायचं, त्या नळीत काही जिवंत नव्हतं, सुटलो. आम्ही रोज सकाळी जाऊन त्या हिरव्या नळ्या उजेडाकडे धरून बघायचो. गुळगुळीत, स्वच्छ. पुन्हा दुसऱ्या दिवशी. मी मूळची गणपतीला हात जोडणारी, ती न जोडणारी, पण त्या दिवसांत दोघीही नळी उचलण्याआधी डोळे मिटून घेत होतो. परीक्षेच्या निकालाला, बाळंतपणाला, कशालाच मी इतकी घाबरले नव्हते.

तेवढ्यात मुलाखत आली. मी बाहेर बाकावर बसून होते. ती बाहेर आली ती ओठ पांढरे पडलेले. मला वाटलं, गेली जागा. तर म्हणाली, "चांगली झाली." मग काय झालं? बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञानं विचारलं होतं, सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटली तर काय कराल? या कामातला अगदी साधा, नेहमीचा प्रश्न. "मी सगळं सांगितलं. श्वास रोखून यंत्र बंद करीन, बाहेर पडेन, दार लावीन, कुणाला आत जाऊ देणार नाही. तो मान डोलवत होता. आणि शेवटी मी म्हणाले... ताबडतोब वरिष्ठांना कळवीन." ती तिथेच बाकावर बसली आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. "सर समोरच होते गं. म्हणाले, व्हेरी गुड."

निवड तिचीच झाली. खडकीच्या क्वार्टरमध्ये पेढे वाटले, तिच्या वडिलांनी शेजारच्या चार घरांत स्वतः जाऊन सांगितलं. मी गेले तेव्हा मित्रा 'आई' म्हणत धावत आली आणि वनिता दोन पावलं मागे सरली. मग तिनं पोरीला खांद्याला धरून वळवलं, पाठमोरी केली आणि मागून कवेत घेतलं. स्वतःचं तोंड भिंतीकडे. वनिताची आई ओरडली, "काहून असं धरतेस लेकराला? पापी तरी घे!" वनिता म्हणाली, "सर्दी झालीये."

त्यानंतर काही दिवसांनी हिरव्या नळीत ते दिसलं. तांदळाच्या कणीएवढं, पिवळट, खरखरीत. वनितानं नळी फिरवून बघितली, पुन्हा फिरवली, जागेवर ठेवली. पुढे औषधांची चाचणी लावली, तर तो जंतू दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हता. तिच्या नेमणुकीची वैद्यकीय तपासणी अजून व्हायची होती. त्याआधी, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून, आम्ही पार येरवड्याला एका एक्स-रेवाल्याकडे गेलो. आम्ही सांगितलेलं खोटं नाव त्यानं लिहून घेतलं आणि बाकावर बसवलं. माझी पाचावर धारण बसली होती, आणि ती भिंतीवरच्या पंख्याकडे एकटक बघत होती. फुप्फुसं स्वच्छ निघाली. मी तिथेच रडले. ती म्हणाली, "आज स्वच्छ आहेत. तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकलीस ना? हा वीस-तीस वर्षं झोपून राहतो, आणि मनात आलं की उठतो. तेव्हा औषध कुठलं घेऊ? तो ऐकत नाही ते?" तिच्या ज्ञानानंच तिचा घात केला, असं मला वाटतं. दुसरी कुणी असती तर त्या एक्स-रेवर पेढे वाटून मोकळी झाली असती.

मी विद्यापीठ सोडलं, ती राहिली. पुढे सगळ्यांची 'डॉक्टर मॅडम' झाली, प्रोफेसर झाली. पहिलं काम तिनं काय केलं? ब्रेकच्या दिवसांत प्रयोगशाळेला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवायला लागली. एकाही टेम्पररी मुलीला आत पाऊल टाकू द्यायची नाही. नमुने स्वतः करायची. मुली तिला खडूस म्हणायच्या, आमच्या नोकरीवर उठलीये म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची, आणि जूनच्या मुलाखतीत त्यांच्यासाठी भांडायची. मला मात्र दर पावसाळ्यात फोन यायचा, "मेधा, खोकला आहे." मी सुट्टी टाकून जायची, आम्ही एक्स-रे काढायचो, तो स्वच्छ निघायचा. मी ओरडायची, "पुरे कर आता हा तमाशा! वर्षं किती झाली!" ती म्हणायची, "हो गं," आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फोन. खरं सांगायचं तर तिचं नाव मोबाइलवर दिसलं की माझेही हातपाय गार पडायचे.

गेल्या आठवड्यात विश्रांतवाडीला त्यांच्या फ्लॅटवर गेले होते. प्रकाश बँकेच्या कामाला बाहेर गेलेला, मित्रा एकटी. आता ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्न ठरलंय. चहा पुढे ठेवून समोर बसली आणि बराच वेळ बशीवर बोट फिरवत राहिली.

"मावशी, एक विचारू? खरं सांगशील? आईला मी नको होते का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग तिनं मला एकदाही समोरून का नाही घेतलं? वेणी मागून, मिठी मागून. मी वळले की सोडून द्यायची. पापी तर आठवतच नाही." मग खाली मान घालून म्हणाली, "लहान असताना मला वाटायचं, माझ्या तोंडाला घाण वास येतो. मी सारखी दात घासायचे. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत."

मी शपथ घेतलेली होती. पण जिनं घातली ती गेली, आणि जिच्यासाठी घातली ती समोर बसून हे विचारत होती. मी सगळं सांगितलं. ब्रेक, यंत्र, पंखा, हिरवी नळी, येरवडा. सांगताना मला भीती वाटत होती, पोरगी चिडेल, आता स्वतःच्याच छातीची धास्ती घेईल. संपल्यावर तिनं विचारलं, "किती श्वास घेतले होते म्हणालीस?" मी म्हटलं, "एकच."

ती उठून वनिताच्या खोलीत गेली. मी मागोमाग दारापर्यंत गेले. पलंगावरची चादर तशीच होती, उशीच्या अभ्र्याला तेलाचा डाग. मित्रानं ती उशी उचलली, दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबून धरली आणि छाती भरून श्वास घेतला. "अगं, नको!" माझ्या ओठांवर आलं होतं, इतकं जवळ की मी हात तोंडावर ठेवला. तिनं उशी खाली केली नाही. पुन्हा एकदा श्वास घेतला, आणि मग पुन्हा.